आवाज पाच, शब्द दोन

आप्पांच्या फोनमध्ये त्यांच्या सगळ्यात जवळच्या चार माणसांची नावं नाहीत. 'कॅप्टन', 'को-पायलट', 'गनर' आणि 'फिटर' असे चार नंबर सेव्ह केलेले आहेत. त्या चौघांच्या फोनमध्ये आप्पा 'इंजिनिअर' आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर या पाच जणांचा एक ग्रुप आहे, 'क्रू' नावाचा. डीपीला एका हेलिकॉप्टरचा जुना फोटो आहे, स्कॅन करताना वाकडा आलेला. तो सरळ करून देते म्हटलं तर आप्पा म्हणाले, "असू दे, बँक घेतलीय असं वाटतं." म्हणजे हेलिकॉप्टर वळताना एका बाजूला कलतं, तसं.

ग्रुपवर जे असतं ते तुमच्या-आमच्या घरच्या ज्येष्ठांच्या कुठल्याही ग्रुपवर असतं. गुड मॉर्निंगची फुलं आहेत, पेन्शनचे हिशेब आहेत, गुडघे आहेत, नातवंडं आहेत. कुणाच्या गावावरून हेलिकॉप्टर गेलं, तर त्याचा अंगठ्याएवढा, धुरकट फोटो येतो आणि ते कोणतं होतं यावर दिवसभर चर्चा होते. पण दर रविवारी संध्याकाळी सात वाजता या पाच जणांचा एक कॉल असतो, आणि तो मात्र मी दुसरीकडे कुठे ऐकलेला नाही. त्याची सुरुवात 'हॅलो'नं होत नाही. कॅप्टन म्हणतात, "क्रू, रेडिओ चेक." मग एकेक जण ठरलेल्या क्रमानं उत्तर देतो: "को-पायलट, फाइव्ह बाय फाइव्ह." "गनर, फाइव्ह बाय फाइव्ह." तेवढं झालं की गप्पा सुरू.

हे सगळं लाडानं केलेलं नाटक आहे, असं मला बरीच वर्षं वाटायचं. माणसं एकत्र शिकलेली असली की कॉलेजची टोपणनावं म्हातारपणापर्यंत चालवतात, त्यातलंच हे.

आप्पा हवाई दलात फ्लाइट इंजिनिअर होते. साताऱ्याजवळच्या आमच्या गावातून अठराव्या वर्षी एअरमन म्हणून भरती झाले. आधी इंजिन फिटर, मग बंगळुरूजवळ येलहंक्याला कोर्स करून फ्लाइट इंजिनिअर, आणि शेवटी वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त. बहुतेक सगळं उडणं एमआय-८ वर. हे सोव्हिएत बनावटीचं, दोन इंजिनांचं, पाच पात्यांचं, चोवीस माणसं पोटात घेणारं हेलिकॉप्टर. हवाई दलानं त्याचं नाव 'प्रताप' ठेवलं होतं आणि अशी १०७ हेलिकॉप्टरं घेतली होती. पूर आला, भूकंप झाला, मतदानाची पेटी डोंगरावर न्यायची असली, ईशान्येकडच्या रस्ता नसलेल्या गावात मीठ-तांदूळ पोचवायचे असले की हेच जायचं. डिसेंबर २०१७ मध्ये येलहंक्याला त्याला निरोप दिला गेला. ती बातमी आप्पांनी फोनवर पाहिली, पुन्हा पाहिली, आणि मग विहिरीवरची मोटर खोलून बसले. मोटर चांगली चालत होती.

एमआय-८ मध्ये कॅप्टन डावीकडे बसतो, को-पायलट उजवीकडे. दोघांच्या मधे, जरा मागे, कॉकपिटच्या दारातच एक छोटी घडीची सीट असते. ती इंजिनिअरची. तिथून आप्पांना इंजिनांचं तापमान, तेलाचा दाब, पात्यांचे फेरे दाखवणारे काटे दिसायचे, आणि दोन हेल्मेटांच्या मागच्या बाजू. म्हणजे ज्या माणसांबरोबर त्यांनी आयुष्यातले सगळ्यात कठीण तास काढले, त्यांचे चेहरे त्या तासांत त्यांना दिसलेच नाहीत. मागे दारात उभा असलेला गनर तर पाठीमागेच. सगळे एकमेकांना फक्त ऐकू यायचे, इंटरकॉमवरून.

इंटरकॉमशिवाय इलाजच नव्हता. एमआय-८ सुरू असताना शेजाऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी अर्धे शब्द वाऱ्यावर जातात. त्यामुळे हेल्मेटमधल्या त्या पातळ, खरखरत्या आवाजावर सगळं चालायचं, आणि त्या बोलण्याला शिस्त होती. आधी कुणाला हाक मारतोय ते सांगायचं, मग आपण कोण ते. एका वेळी एकच गोष्ट बोलायची. ऐकणाऱ्यानं ती परत म्हणून दाखवायची, म्हणजे नीट पोचली की नाही ते बोलणाऱ्याला कळतं. आणि नीट कळली नसेल, तर लगेच म्हणायचं, "से अगेन." पुन्हा सांगा.

मी हिंजवडीत नोकरी करते. माझा दिवस कॉलवर जातो. तिथे कुणालाच सगळं ऐकू आलेलं नसतं आणि सगळे "येस, मेक्स सेन्स" म्हणत असतात. नेट अडकलं, मधलं वाक्य गळालं, तरी "पुन्हा सांगता का?" म्हणायला जीभ रेटत नाही. न कळल्याची लाज वाटते. आप्पांच्या जगात न कळल्याची लाज नव्हती. न कळून गप्प बसणं हा मात्र गुन्हा होता.

हेलिकॉप्टरमधल्या या भरवशाचा सगळ्यात उघडा नमुना म्हणजे विंच. खाली अडकलेल्या माणसाला तारेनं वर घ्यायचं असतं, तेव्हा हेलिकॉप्टर त्याच्या बरोबर डोक्यावर हवेत थांबवावं लागतं. गंमत अशी, की हेलिकॉप्टर त्या जागेवर आलं की तो माणूस पायलटला दिसेनासाच होतो, कारण तो आता पोटाखाली असतो. त्याला पाहतो दारात ओणवा झालेला क्रूमधला माणूस, आणि तो बोलत राहतो: "फॉरवर्ड फाइव्ह… फोर… थ्री… लेफ्ट टू… स्टेडी… स्टेडी…" पायलट त्या आवाजावर उडवतो. बोलणाऱ्यानं थांबायचं नसतं. सांगण्यासारखं काही नसेल तरी 'स्टेडी, स्टेडी' म्हणत राहायचं. तो गप्प झाला, तर सगळं ठीक आहे म्हणून गप्प आहे की त्याला काही झालंय, हे पायलटला कसं कळणार?

ऑक्टोबर १९८५ मध्ये हिमाचलातल्या परवाणूला रोपवेची दोरी तुटली आणि दहा प्रवासी खोल दरीवर एका ट्रॉलीत लटकत राहिले. सरसाव्याच्या हेलिकॉप्टर युनिटचे प्रमुख फली मेजर हेलिकॉप्टर घेऊन आले. लष्करातले मेजर इव्हान क्रॅस्टो तारेवरून खाली सोडले गेले, आणि ट्रॉलीच्या छतातून आत शिरून एकेकाला वर पाठवू लागले. वर रोपवेच्या तारा, खाली दरी, आणि पात्यांच्या वाऱ्यानं झोके घेणारी ट्रॉली. अंधार पडला तेव्हा सगळे निघाले नव्हते. क्रॅस्टो उरलेल्यांना सोडून वर आले नाहीत, रात्रभर ट्रॉलीतच त्यांच्याबरोबर राहिले. दुसऱ्या दिवशी बाकीचे निघाले. क्रॅस्टोंना कीर्तिचक्र मिळालं, मेजरांना शौर्यचक्र, आणि २००७ मध्ये फली मेजर हवाई दलप्रमुख झाले. त्या पदावर पोचलेले ते पहिले हेलिकॉप्टर पायलट.

ही गोष्ट आप्पांनी मला लहानपणी कितीतरी वेळा सांगितली आहे. ते स्वतः तिथे नव्हते. पण त्यांच्या सांगण्यात मेजर आणि क्रॅस्टो जरा लवकरच संपायचे आणि ते दारातल्या माणसावर यायचे. "तो काय म्हणत असेल, सांग?" मग स्वतःच उत्तर द्यायचे, "स्टेडी, स्टेडी."

जमिनीवर उतरलं की हे सगळं बदलायचं. कॅप्टन आणि को-पायलट अधिकारी. आप्पा, गनर आणि फिटर एअरमन. त्यांचे मेस वेगळे, क्वार्टर वेगळे, बायकांचे चहाचे घोळके वेगळे. आम्ही मुलं एकाच शाळेच्या बसमध्ये बसायचो, पण कोण कुठल्या गेटला उतरतं ते सगळ्यांना माहीत असायचं. त्यामुळे कॅप्टन सर स्कूटरवरून आमच्या क्वार्टरला येऊन आईच्या हातचं पिठलं खायचे, हे आमच्या गल्लीत नवलच होतं. ते 'सर' होते, आप्पा कधीही त्यांच्यासमोर मांडी घालून बसले नाहीत. पण हवेत हेच आप्पा त्यांना "नेगेटिव्ह, सर" म्हणायचे. तेल कमी दाखवतंय, उतरायचं नाही, वजन जास्त आहे. आणि सर ऐकायचे.

या दोन जगांमधली भिंत फक्त आपल्याकडेच नाही. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेनं हजारो हेलिकॉप्टरं वापरली. तिथून परतलेल्यांनी पुढे संघटना काढल्या, दरवर्षी भेटायला लागले. त्यात हेलिकॉप्टर पायलटांची संघटना वेगळी आहे आणि दारात मशीनगन घेऊन बसणाऱ्या, इंजिन सांभाळणाऱ्या क्रू मेंबरांची वेगळी. एकाच हेलिकॉप्टरमधून उतरलेली माणसं दोन वेगवेगळ्या नावांखाली एकमेकांची आठवण काढतात. म्हणून आप्पांचा पाच जणांचा ग्रुप मला विशेष वाटतो. ही भिंत त्यांनी पाडली, असं मी म्हणणार नाही. आप्पा अजूनही फोनवर सरांशी बोलताना खुर्चीत ताठ होतात. पण हुद्दे बाजूला ठेवून त्यांनी कामांची नावं उचलली. त्या नावांमध्ये वर-खाली नव्हतं. कॅप्टन, को-पायलट, इंजिनिअर, गनर, फिटर. एक जरी नसला तर हेलिकॉप्टर उडत नाही.

गप्पांमध्ये त्याच त्या गोष्टी येतात. पुरात छपरावरून उचललेल्या बाईनं शेळीशिवाय यायला नकार दिला ती गोष्ट. अरुणाचलात तांदळाच्या पोत्यांवर बसून आलेले गुरुजी. उतरल्यावर हेलिकॉप्टरला नारळ फोडायला आलेलं अख्खं गाव. या गोष्टी इतक्यांदा झाल्यात की आता शेळीचं नाव काढलं तरी पाचही जण हसतात.

काही गोष्टी मात्र येत नाहीत. ऑक्टोबरच्या ११ तारखेला ग्रुपवर कुणीतरी फक्त एक दिवा टाकतं, आणि त्या दिवशी फुलं येत नाहीत. १९८७ मध्ये त्या रात्री श्रीलंकेत जाफना विद्यापीठाच्या मैदानावर एमआय-८ मधून सैनिक उतरवायला सुरुवात झाली. खाली लिट्टे वाट पाहत होती. हेलिकॉप्टरांवर इतका गोळीबार झाला, की पुढच्या फेऱ्या होऊ शकल्या नाहीत. शीख लाइट इन्फन्ट्रीचे जे तीस जवान उतरले होते, त्यांच्या मदतीला आणखी कुणी पोचलं नाही. त्यातले एकोणतीस मारले गेले, एक पकडला गेला. आमच्या ग्रुपमधलं कुणी त्या रात्री तिथे नव्हतं. मी आप्पांना एकदा विचारलं, मग तुम्ही का दिवा लावता? ते म्हणाले, "कुणालातरी 'आता जाता येत नाही' असं म्हणावं लागलं असेल ना. ते म्हणणारा आमच्यातलाच." त्यावर मी पुढे काही विचारलं नाही.

आता कानांकडे येते.

सतत मोठ्या आवाजात काम केलं की कानाच्या आतल्या शंखातल्या बारीक केसांसारख्या पेशी मरतात. माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. आधी जातात त्या उंच पट्टीतले आवाज पकडणाऱ्या. त्यामुळे खालच्या पट्टीतले आवाज ठीक येत राहतात, पण स, श, फ, थ, क, ट ही व्यंजनं गळायला लागतात. आवाज येतो, शब्द येत नाहीत. 'साखर' आणि 'भाकर' एकच होतात. आप्पांना कुकरची शिट्टी ऐकू येत नाही, पण हेलिकॉप्टर सगळ्यांच्या आधी ऐकू येतं, कारण पात्यांचा धपधप आवाज अगदी खालच्या पट्टीतला. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात महापूर आला तेव्हा आम्ही टीव्हीपुढे बसलो होतो आणि आप्पा एकदम उठून गच्चीवर गेले. आम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं. थोड्या वेळानं दक्षिणेकडे जाणारं हेलिकॉप्टर दिसलं.

गेल्या दोन-तीन वर्षांत मात्र घरात त्रास सुरू झाला. आई काही विचारायची आणि आप्पा भलतंच उत्तर द्यायचे. चुलतभावाच्या हळदीला कुणीतरी विचारलं, "जेवण झालं का?" आप्पा म्हणाले, "नाही, निवृत्त होऊन झाली की बरीच वर्षं." सगळे हसले. आप्पाही हसले. त्यानंतर ते कार्यक्रमांना जाईनासे झाले. घरी पाहुणे आले की मळ्यात काम निघायचं. जेवताना पानावरून मान वर करायचे नाहीत, कारण मान वर केली की कुणीतरी बोलणार. मी कानाच्या मशीनचा विषय काढला की एकच उत्तर: "मला ऐकू येतं." आणि ते खोटं नव्हतं. आवाज येतच होता.

आई चिडायची, मी चिडायचे, आम्ही मोठ्यानं बोलायचो. मोठ्यानं बोललं की चेहरा चिडका होतो. मग आप्पांना शब्द कळायचे नाहीत, चिडणं तेवढं कळायचं.

रविवारच्या कॉलवर ते दर आठवड्याला "इंजिनिअर, फाइव्ह बाय फाइव्ह" म्हणत होते. रेडिओवर बोलणारे सगळेच हे म्हणतात, सिनेमातसुद्धा ऐकलं असेल. त्यातला एक पाच म्हणजे आवाजाची ताकद, स्ट्रेंग्थ. दुसरा पाच म्हणजे शब्द किती स्पष्ट कळतात ते, रीडेबिलिटी. एक म्हणजे काहीच कळत नाही, दोन म्हणजे अधूनमधून कळतं, तीन म्हणजे कष्टानं कळतं, चार म्हणजे कळतं, पाच म्हणजे उत्तम. हे दोन आकडे वेगळे का ठेवलेत याचा विचार मी कधी केला नव्हता.

गेल्या वर्षी मार्चमधल्या एका रविवारी मी घरी होते, फोन स्पीकरवर होता. पुण्यात माजी सैनिकांचं मोठं स्नेहसंमेलन ठरत होतं. कॅप्टन सर तारीख सांगत होते. त्यांचं हिंदी-इंग्रजी मिसळलेलं बोलणं मी इथे मराठीत आणते.

"इंजिनिअर, सात तारीख. जमेल?"

"हो सर, साठ जण म्हणजे फार नाहीत," आप्पा म्हणाले.

कॉलवर शांतता. मला हळदीचा कार्यक्रम आठवला आणि आता कोण हसणार म्हणून माझ्याच पोटात गोळा आला. कुणी हसलं नाही.

"नेगेटिव्ह," सर म्हणाले. "रीडबॅक चूक. इंजिनिअर, रेडिओ चेक. खरा सांग."

आप्पा फोनकडे बघत राहिले. आई कणीक मळायची थांबली होती. बऱ्याच वेळानं आप्पा म्हणाले, "सर, स्ट्रेंग्थ फाइव्ह. रीडेबिलिटी टू."

"कॉपीड," सर म्हणाले. बस, तेवढंच. 'अरे वय झालं आता' नाही, 'मशीन घे' नाही, 'असं कसं झालं' नाही. लगेच त्यांच्या बोलण्याची चाल बदलली. एकेक तुकडा, मधे थांबून. "इंजिनिअर. तारीख. सात. रीडबॅक."

"तारीख सात, सर."

"करेक्ट. बाकीच्यांनीही खरे आकडे द्या."

मग को-पायलट म्हणाले, "रीडेबिलिटी थ्री. डावा कान." पालक्काडहून गनरकाका म्हणाले, "थ्री. कधी कधी टू." लुधियानाकडचे फिटरकाका म्हणाले, "साहेब, मला तर तुमचा आवाज सहा वर्षं नीट कळलेला नाही, पण तुम्ही दर वेळी तेच बोलता म्हणून चालून जातं." त्यावर पाचही जण हसले, आप्पा सगळ्यात जास्त. शेवटी सरांनी स्वतःचा आकडा दिला. तोही पाच नव्हता.

इतकी वर्षं ही माणसं एकमेकांना दर रविवारी खोटं 'फाइव्ह बाय फाइव्ह' सांगत होती. ते संपायला एक वाक्य पुरलं. मला जे दोन वर्षं जमलं नाही ते सरांना का जमलं, यावर मी खूप विचार केला. सरांचं प्रेम माझ्यापेक्षा जास्त आहे असं नाही. फरक एवढाच होता, की आम्ही घरात आप्पांना 'तुम्हाला ऐकू येत नाही' म्हणत होतो. हा निकाल होता. सरांनी रीडिंग मागितलं. तेलाचा दाब किती, तापमान किती, रीडेबिलिटी किती. काटा खाली आलाय हे सांगणं हे इंजिनिअरचं काम. त्यात इंजिनिअरला कमीपणा नसतो. उलट न सांगितलं तर चारचौघांचा जीव जातो. आप्पांसारखी आमच्याकडची माणसं आयुष्यभर 'मला जमत नाही', 'मला दिसत नाही', 'मला कळलं नाही' ही वाक्यं कुठे बोलत नाहीत. ना भावकीत, ना बायकोपाशी. ती बोलायची परवानगी त्यांना जगात एकाच ठिकाणी मिळाली होती, त्या घडीच्या सीटवर. तरुणपणाच्या आठवणी म्हणून हे लोक जे जपतात, त्यात शौर्य वगैरे असेलच, पण मला वाटतं ते मुख्यतः ही परवानगी जपतात.

पुढच्या आठवड्यात आप्पा स्वतःहून कान तपासायला आले. तपासणाऱ्या मुलीनं विचारलं, "काका, काय त्रास होतो?" आप्पा म्हणाले, "आवाज पाच, शब्द दोन." ती लिहिता लिहिता थांबली आणि म्हणाली, इतकं नेमकं मला कुणी सांगितलेलं नाही. मग तिनं आम्हाला कागदावर सूचना लिहून दिल्या: बोलण्याआधी हाक मारा, समोर या, एका वेळी एकानं बोला, छोटी वाक्यं, ओरडू नका, कळलं का ते परत म्हणून घ्या. मी तो कागद वाचला आणि आप्पांकडे सरकवला. त्यांनी वाचून घडी घातली आणि खिशात ठेवला. "इंटरकॉम ड्रिल," एवढंच म्हणाले.

मशीन आलं. जादू झाली नाही. मशीन भांड्यांचा आवाजही मोठा करतं, पंख्याचाही. पुण्याच्या संमेलनाला आप्पा गेले नाहीत, दोनशे माणसं एकदम बोलणार होती. मग सप्टेंबरात कॅप्टन सर आणि को-पायलट सर पुण्याहून साताऱ्याला आले. दोघांचीही पंचाहत्तरी जवळ आलेली. कासला फुलं बघायला जाऊ म्हणाले.

गाडीपाशी छोटा वाद झाला. गाडी सरांची, पण सर चालवायला तयार होईनात. एमआय-८ मध्ये कॅप्टन डावीकडे बसतो, आपल्या गाडीचं स्टिअरिंग उजवीकडे. त्यामुळे को-पायलटना चालवणं भाग होतं. आप्पा मागच्या सीटवर मधोमध बसले, दोन सीटांमधून पुढे वाकून. माझ्याकडे डावं दार आलं, म्हणजे पालक्काडच्या गनरकाकांची जागा. आई उजवीकडे. "तुम्ही पॅसेंजर, वहिनी," सर म्हणाले. "सवय आहे," आई म्हणाली.

यवतेश्वरच्या घाटात धुकं उतरलं. समोरची गाडी दिसेना. गप्पा आपोआप थांबल्या, आणि आप्पा बोलायला लागले. "उजवीकडे दगड. क्लिअर. पुढे वळण, डावं. समोरून लाइट. स्टेडी." को-पायलट "रोजर" म्हणत होते. मी काच खाली करून दरीकडची कड सांगायला लागले, कुणी न सांगता. धुक्यातून वर निघाल्यावर गप्पा पुन्हा सुरू झाल्या, आणि गाडीचा एवढा आवाज असूनही आप्पांचं एकही उत्तर चुकलं नाही. यात चमत्कार नाही. ओळखीचे आवाज, ओळखीची वाक्यं, आणि तीही ओळखीच्या दोन दिशांनी. गळलेली अक्षरं डोकं भरून काढतं. पठारावर फुलं थोडी होती, गर्दी खूप. पाच मिनिटं फिरून आम्ही गाडीत बसूनच शेंगा खाल्ल्या आणि शेळीची गोष्ट ऐकली.

रात्री सर गेल्यावर आई भांडी आवरत होती. मी म्हटलं, छान झालं ना आज. ती म्हणाली, "झालं की." मग नळ बंद करून म्हणाली, "चाळीस वर्षं संसार केला. 'मला कळलं नाही, पुन्हा सांग,' हे एकदा तरी मला म्हणाले का? त्या साहेबाला फोनवर एका फटक्यात सांगितलं." तिचा आवाज चिडका नव्हता, म्हणून मला जास्त लागलं. या सुंदर मैत्रीच्या बाहेर कायम कोण उभं होतं, ते मी त्या दिवसापर्यंत मोजलं नव्हतं. बदल्या झाल्या, ट्रंका भरल्या, मुलं वाढवली, रात्री हेलिकॉप्टर परतल्याचा आवाज येईपर्यंत जागी राहिली ती आई. इंटरकॉमची तार तिच्यापर्यंत कधी आलीच नव्हती.

मी आप्पांना यातलं काही सांगितलं नाही. आईनं सांगितलं की नाही, मला माहीत नाही. दिवाळीत घरी गेले तेव्हा आप्पा ओसरीवर मशीनची बॅटरी बदलत बसले होते. आई आतून आली, त्यांच्या समोर मोडा ओढून बसली, आणि ते मान वर करेपर्यंत थांबली.

"रेडिओ चेक," आई म्हणाली.

आप्पांनी तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "थ्री. पुन्हा सांग."

"अजून काही सांगितलंच नाही. उद्या दळण आणायचंय. ज्वारी पाच किलो, गहू दहा."

"ज्वारी दहा, गहू पाच."

"नेगेटिव्ह," आई म्हणाली, आणि पुन्हा सांगू लागली.